कृष्णविवर (विज्ञानकथा)

'कृष्णविवर' ही खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांची प्रारंभीची मराठी विज्ञानकथा होय. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेत तिला पहिले पारितोषिक मिळाले.

टोपणनाव

फ्रेड हॉइल यांच्यासह मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तामुळे नारळीकर तेव्हा सर्वपरिचित होते. या ख्यातीचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, म्हणून स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलट क्रमाने घेऊन त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठविली. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये यासाठी ती पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली. त्यामुळे कथेचे मूल्यमापन लेखकाच्या नावावरून नव्हे, तर केवळ तिच्या गुणवत्तेवर झाले.

दखल व पुढील लेखन

१९७५ च्या कऱ्हाड येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी आपल्या भाषणात नारळीकरांच्या विज्ञानकथालेखनाची दखल घेतली. वैज्ञानिकाच्या या लेखनाकडे साहित्यक्षेत्राचे लक्ष वेधले गेले. 'यक्षांची देणगी' हा त्यांचा विज्ञानकथासंग्रह पुढे प्रसिद्ध झाला. नाशिक येथे २०२१ साली झालेल्या ९४ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली होती.