वायुसैनिक ते गावचा कारखानदार : स्क्वाड्रन लीडर दलीपसिंग मजिठिया यांचे जीवन व युद्धोत्तर भारत

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या भारतीय वैमानिकांचा इतिहास बहुधा १९४५ साली संपतो. मोहिमा, तुकड्या आणि पदके यांची नोंद ग्रंथांतून आढळते. गणवेश उतरविल्यानंतर ही माणसे कोठे गेली व युद्धात मिळविलेल्या कौशल्याचे त्यांनी काय केले, हा प्रश्न मात्र लष्करी इतिहासाने आपला मानला नाही आणि आर्थिक इतिहासाच्याही तो फारसा दृष्टीस पडला नाही. स्क्वाड्रन लीडर दलीपसिंग मजिठिया (१९२०–२०२४) यांच्या जीवनाच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वायुदलाचा विस्तार

भारतीय वायुदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. १९३९ मध्ये युद्ध पेटले तेव्हा या दलात केवळ १६ अधिकारी व १४४ सैनिक होते आणि स्क्वाड्रन एकच होती. युद्धाच्या अखेरीस ही संख्या सुमारे २८,५०० पर्यंत पोहोचली व स्क्वाड्रनची संख्या नऊ झाली. मार्च १९४५ मध्ये या दलास ‘रॉयल’ ही उपाधी देण्यात आली. सहा वर्षांत झालेल्या या विस्तारामुळे भारतीय समाजात प्रथमच वैमानिक, यंत्रज्ञ, बिनतारी संदेशक व शस्त्रदुरुस्ती करणारे कारागीर यांचा एक मोठा वर्ग निर्माण झाला. शांतता प्रस्थापित होताच या वर्गातील बहुसंख्यांना नागरी जीवनात परतणे भाग होते.

२७ जुलै १९२० रोजी सिमला येथे जन्मलेले दलीपसिंग १९४० मध्ये वायुदलाच्या स्वयंसेवक राखीव दलात दाखल झाले. लाहोरजवळील वॉल्टन विमानतळावर टायगर मॉथ विमानावर त्यांचे प्रशिक्षण झाले. पुढे सहाव्या स्क्वाड्रनमध्ये फ्लाइट कमांडर म्हणून, मेहेरसिंग यांच्यासमवेत, त्यांनी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन विमाने चालविली. शत्रूच्या प्रदेशावरून कमी उंचीने उड्डाण करून छायाचित्रे व माहिती आणणे हे या स्क्वाड्रनचे मुख्य काम होते. त्यामुळेच तिला ‘चौदाव्या सेनेचे डोळे’ असे म्हटले जाई. मेहेरसिंग हे या युद्धात ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ मिळविणारे भारतीय वायुदलातील एकमेव अधिकारी होत. टेहळणीच्या कामात बळापेक्षा नेमकेपणास महत्त्व असते. अनोळखी भूप्रदेश वाचणे आणि धावपट्टी कशीही असली तरी विमान सुखरूप उतरविणे ही या प्रशिक्षणाची शिदोरी दलीपसिंगांना पुढे उपयोगी पडली.

युद्धानंतर राष्ट्रकुल सेनेच्या मेलबर्न येथील मुख्यालयात संपर्क अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९४७ मध्ये त्यांनी वायुदल सोडले व ते गोरखपूर जिल्ह्यातील कौटुंबिक व्यवसायात परतले.

सरदारनगर : कारखान्याचे गाव

गोरखपूरनजीकचे सरदारनगर हे चौरीचौऱ्यास लागून असलेले गाव होय. ४ फेब्रुवारी १९२२ च्या चौरीचौरा प्रकरणामुळे हा परिसर राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला. याच परिसरात पंजाबातील मजिठिया घराण्याची जमीनदारी होती व सर सुंदरसिंग मजिठिया यांनी तेथे सराया साखर कारखाना उभारला. त्यांचे बंधू उमरावसिंग यांची कन्या म्हणजे विख्यात चित्रकार अमृता शेरगिल. १९४१ मध्ये लाहोरला जाण्यापूर्वी अमृता शेरगिल यांचे वास्तव्य सराया येथेच होते आणि त्यांचे हंगेरियन पती व्हिक्टर एगान हे कारखान्याचे डॉक्टर होते.

साखर कारखाना व त्याचे गाव यांचे नाते समजून घेणे येथे आवश्यक आहे. ऊस तोडल्यावर त्यातील साखरेचे प्रमाण तासागणिक घटू लागते. म्हणून कारखाना शेतांच्या मध्यभागीच असावा लागतो आणि गाळपाच्या हंगामात शेतकरी, गाडीवान, रेल्वे व यंत्रे यांच्या वेळा परस्परांशी जुळवाव्या लागतात. बल्लारपूरची वसाहत जशी कागद कारखान्याभोवती वाढली, तसेच सरदारनगरचे जीवन साखर कारखान्याभोवती फिरत राहिले. १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्यानंतर पूर्व उत्तर प्रदेशात अशा अनेक गावांचे भवितव्य साखरेशी बांधले गेले. आघाडीवरून परतलेला अधिकारी अशा ठिकाणी स्थायिक होतो, तेव्हा ज्या जगात त्याचे शिक्षण झाले व ज्या जगात त्याला जगावयाचे असते, त्यांतील अंतर मोठे असते. दलीपसिंगांनी हे अंतर उड्डाण चालू ठेवून काही प्रमाणात भरून काढल्याचे दिसते.

काठमांडूचे गायरान

२३ एप्रिल १९४९ रोजी दलीपसिंगांनी चार आसनी बीचक्राफ्ट बोनान्झा विमान काठमांडू खोऱ्यातील गौचर या मैदानात उतरविले. नावाप्रमाणेच ते गुरांचे गायरान होते. भारताचे नेपाळमधील राजदूत सुरजितसिंग मजिठिया हे त्यांचे काका असल्याने या उड्डाणास निमित्त मिळाले. नेपाळच्या भूमीवर उतरलेले हे पहिले विमान मानले जाते.

या घटनेचे महत्त्व तत्कालीन परिस्थितीवरून ध्यानात येते. त्या वेळी काठमांडूस बाहेरून मोटाररस्ता नव्हता. राणा घराण्याच्या मोटारीसुद्धा हमालांच्या खांद्यावरून डोंगर ओलांडून नेल्या जात. गौचर येथे विमान उतरू शकते हे सिद्ध झाल्यावर फेब्रुवारी १९५० मध्ये हिमालयन एव्हिएशनच्या डाकोटा विमानाने तेथून कलकत्त्यास उड्डाण केले. याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी राजा त्रिभुवन यांनी भारतीय दूतावासात आश्रय घेतला आणि काही दिवसांतच त्यांना विमानाने दिल्लीस आणण्यात आले. राणा राजवटीच्या अस्तास यातून गती मिळाली. पुढे याच जागी त्रिभुवन विमानतळ उभा राहिला. एका निवृत्त वैमानिकाच्या खासगी उड्डाणाचा माग अशा रीतीने एका देशाच्या दळणवळणाच्या व राजकारणाच्या इतिहासापर्यंत जातो.

तीन मार्ग

युद्धातील वैमानिकांपुढे साधारणतः तीन मार्ग होते. पहिला सेवेत राहण्याचा. १९४० मध्येच वायुदलात आलेले व पुढे १९७६ ते १९७८ या काळात वायुदलप्रमुख झालेले हृषिकेश मुळगावकर हे त्याचे मराठी वाचकांस परिचित उदाहरण होय. दुसरा नागरी विमान वाहतुकीचा. युद्धकाळात वाहतूक विमाने चालविलेल्या बिजू पटनाईक यांनी कलिंग एअरलाइन्स स्थापन केली. युद्धानंतर विक्रीस निघालेल्या डाकोटा विमानांवर अशा अनेक कंपन्या उभ्या राहिल्या. १९४९ मध्ये नागपूर हे केंद्र मानून सुरू झालेली रात्रीची हवाई टपाल सेवाही याच विमानांवर चालली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणाने खासगी कंपन्यांचा हा अध्याय संपला. तिसरा मार्ग घरच्या उद्योगाचा. दलीपसिंगांनी तो स्वीकारला व विमान हे उपजीविकेचे साधन न करता १९७९ पर्यंत उड्डाण केले. एप्रिल २०२४ मध्ये उत्तराखंडातील रुद्रपूर येथे, वयाच्या १०३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

निष्कर्ष

दलीपसिंगांच्या जीवनाचे मूल्यमापन करताना एक गोष्ट दृष्टिआड करता येत नाही. त्यांच्यापाठी जमीनदारी होती, कारखाना होता आणि राजदूत असलेले काका होते. विमान उतरविण्याचे कौशल्य युद्धाने दिले, परंतु ते शांततेच्या काळात वापरण्याची संधी घराण्याने दिली. अठ्ठावीस हजारांपैकी बहुतेकांजवळ असे पाठबळ नव्हते. इंजिन उघडून पुन्हा जुळविण्याची विद्या घेऊन ते आपापल्या तालुक्यांत परतले. त्यांच्या हातांनी कोणती दुकाने, कोणते कारखाने व कोणती वाहतूक उभी राहिली, याचा इतिहास अजून लिहिला जावयाचा आहे.

हे काम राजधानीतील अभिलेखागारांपेक्षा जिल्ह्याच्या पातळीवरच होऊ शकते. गोंदियाजवळील बिरसीची युद्धकालीन धावपट्टी, नागपूरचे सोनेगाव, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतील नोंदी, जुन्या दुकानांचे परवाने व कुटुंबांनी जपलेली सेवापुस्तके ही त्याची साधने होत. प्रत्यक्ष साक्षीदारांची पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. त्यांच्या मुलांच्या आठवणी अद्याप उपलब्ध आहेत. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी, विशेषतः मोहर्लीसारख्या वनप्रदेशाच्या परिसरातील विभागांनी, त्या वेळीच नोंदविल्या नाहीत, तर युद्धोत्तर भारताच्या आर्थिक घडणीचा एक भाग केवळ सुस्थित घराण्यांच्या कथांतूनच ओळखला जाईल.