किनाऱ्यावरच्या पांढऱ्या खोपट्या: पर्यटनस्थळ हे साधन म्हणून कसं वाचायचं?

पीएचडीच्या मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "तुमची साधनं कोणती?" आपण लगेच दफ्तर, पत्रव्यवहार, गॅझेटियर अशी यादी सुरू करतो. आज एक वेगळं साधन बघू. ते म्हणजे प्रवाशांसाठी छापलेली 'काय काय पाहाल' ही यादी. उदाहरण घेऊ बोनेर बेटाचं.

बोनेर हे कॅरिबियन समुद्रातलं, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचं बेट. क्षेत्रफळ अवघं 288 चौरस किलोमीटर. 1636 मध्ये डचांनी ते स्पॅनिशांकडून घेतलं आणि आजही ते नेदरलँड्सचाच भाग आहे. इथे पाहायचं काय? समुद्राखालचे प्रवाळ, फ्लेमिंगो पक्षी, सोरोबोनचा उथळ, निळाशार किनारा, दक्षिणेकडची गुलाबी छटेची मिठागरं. आणि त्याच रस्त्यावर, अगदी पाण्याला लागून, छोट्या दगडी खोपट्यांची रांग. फोटो काढायला लोक थांबतातच. जवळच पाणबुड्यांच्या आवडीची एक जागा आहे, तिचं नाव 'व्हाइट स्लेव्ह'.

आता हे नाव नीट वाचा. इथे राबलेले गुलाम आफ्रिकी वंशाचे होते. मग 'व्हाइट' काय? पांढऱ्या आहेत त्या खोपट्या. बोलता बोलता माणूस आणि खोपटी यांचं एकच नाव झालं. यादीतल्या एका नावातून एवढं हाताला लागतं, म्हणून तिला साधन म्हणायचं.

मिठागर म्हटलं की आपल्याला उरण, भाईंदर आठवतं. तत्त्व तिथेही तेच: खारं पाणी अडवायचं, ऊन-वाऱ्याने आटू द्यायचं, तळाशी धरलेलं मीठ खरवडून काढायचं. डचांना हेरिंग मासळी खारवायला मीठ भरपूर लागायचं. बोनेरमध्ये ते गुलामांकडून काढून घेतलं जाई. आधी वेस्ट इंडिया कंपनी मालक होती, ती बुडाल्यावर सरकार मालक झालं. म्हणजे इथले बरेचसे गुलाम कुणा मळेवाल्याचे नव्हते, थेट सरकारचे होते. पापियामेंतु या तिथल्या भाषेत त्यांना 'राजाचे गुलाम' म्हणत.

त्या किनाऱ्यावर दोन प्रकारची बांधकामं शेजारी शेजारी आहेत. एक म्हणजे 1837-38 च्या सुमारास उभारलेले दगडी मनोरे. उंची साधारण 30 फूट. लाल, पांढरा, निळा आणि नारिंगी असे चार रंग, म्हणजे डच झेंडा आणि राजघराण्याचा रंग. कुठल्या आगरासमोर नांगर टाकायचा हे जहाजांना लांबून कळावं म्हणून ते बांधले. दुसरं म्हणजे 1850 मध्ये बांधलेल्या खोपट्या. दार एवढं ठेंगणं की वाकूनच आत शिरावं लागतं आणि आत मोठ्या माणसाला ताठ उभंही राहता येत नाही. दोन्हींचा मालक एकच, दगड तोच, समुद्र तोच. जहाजासाठी 30 फूट आणि माणसासाठी वाकण्यापुरतं! सरकारी कागदात हा हिशेब एका ओळीत कुणी लिहून ठेवणार नाही, पण बांधकामाने तो लिहून ठेवलाय.

आता खरी मेख बघा. खोपट्या 1850 च्या, आणि डच सत्तेत गुलामगिरी संपली 1 जुलै 1863 ला. म्हणजे आज दिसतात त्या खोपट्या शेवटच्या 13 वर्षांच्या साक्षीदार आहेत. त्याआधी दोन शतकं माणसं इथे राबली, पण त्यांच्या निवाऱ्याची खूण किनाऱ्यावर उभी नाही. जे टिकलं त्यालाच आपण संपूर्ण इतिहास समजून बसतो. शिवाय आज दिसतो तो पांढरा रंग आणि गिलावा डागडुजीतून आलेला आहे. तेव्हा प्रत्येक साधनाला दोन तारखा विचारा: हे कधी तयार झालं, आणि आज दिसतं तसं कधी झालं?

अजून एक गोष्ट. ही 'गुलामांची घरं' नव्हतीच. कामाच्या दिवसांत पाठ टेकायची आणि चीजवस्तू ठेवायची ती जागा. बायकामुलं असायची रिंकोनला. हे गाव बेटाच्या उत्तर भागात, समुद्रावरून नजरेला पडू नये अशा खोऱ्यात वसलेलं. आठवड्याअखेर तिथवर पायी जायला सुमारे सात तास लागत, असं सांगतात. रिंकोनला किनारा नाही, त्यामुळे 'उत्तम किनारे' या यादीत ते येणारच नाही. पण खोपटीचा अर्थ कळायचा तर आधी रिंकोन गाठायला हवं.

उत्तरेचं स्लाखबाय तसंच. आज ते राष्ट्रीय उद्यानातलं पोहण्याचं सुंदर ठिकाण आहे, पण नावाचा अर्थ आहे कत्तलीची खाडी. इथे शेळ्या कापून, खारवून, कुरासाव बेटावर पाठवल्या जात. पाटीवरचं नाव काम सांगतं, फोटो सांगत नाही.

1863 नंतर फुकटचे हात गेले आणि सरकारला मिठाचा धंदा परवडेना. पुढे विसाव्या शतकात यंत्रांच्या जोरावर तो पुन्हा उभा राहिला. आजचे मिठाचे पांढरेशुभ्र ढीग हेही 'प्रेक्षणीय स्थळ'च आहे. डच पंतप्रधानांनी गुलामगिरीबद्दल सरकारतर्फे माफी मागितली ती 19 डिसेंबर 2022 ला. अशा वेळी 'हे नक्की कुणाचे गुलाम होते?' हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. मालक सरकार असेल, तर जबाबदारी कुणाची हेही त्यातूनच ठरतं.

तुमचा विषय किल्ला असो, गिरणी असो की देवस्थान, आराखडा लिहिण्याआधी चार ओळी खरडा: हे कुणी बांधलं, कुणाला दिसावं म्हणून बांधलं, इथे राबणारे राहायचे कुठे, आणि त्यांच्यापैकी कशाचीच खूण का उरली नाही? चौथ्या प्रश्नाला उत्तर सुचत नसेल तर घाबरू नका. बहुतेक वेळा संशोधनाचा विषय तिथेच सापडतो.