मूत्रपिंडाची इजा आणि दाहकारक प्रथिने
दाहकारक प्रथिने म्हणजे पेशींनी धोक्याचा इशारा म्हणून सोडलेली लहान प्रथिने. टीएनएफ-अल्फा व इंटरल्युकिन-६ ही त्यांतली प्रमुख. घोणस चावलेला शेतकरी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात पोचतो, तेव्हा कधी कधी त्याची लघवी कमी, काळपट झालेली असते. विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, रक्तदाब उतरतो, मूत्रनलिकांच्या पेशी मरू लागतात. मरत्या पेशींतून बाहेर पडलेले घटक शेजारच्या पेशींना ही प्रथिने सोडायला लावतात. त्यांच्यामागून पांढऱ्या पेशी धावून येतात आणि धडधाकट नलिकाही जखमी करतात. प्रतिविष रक्तातले मोकळे विष निकामी करते, पेटलेला दाह विझवत नाही. म्हणूनच ते लवकर मिळणे फार मोलाचे. दाह रेंगाळल्यास टीजीएफ-बीटा या प्रथिनामुळे तंतू माजून मूत्रपिंड कायमचे अधू होऊ शकते.