बर्फाचा कारखाना आणि आजोबांचा प्रश्न

गेल्या शनिवारी वडाळ्याहून हार्बर लोकल पकडली आणि सीएसएमटीला उतरून चालत बॅलार्ड इस्टेट गाठलं. तिथल्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात आता कलादालन आणि कॅफे आहे. आर्किटेक्ट कमल मलिक यांनी केलेला हा कायापालट २०२२ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

आधी थोडा इतिहास. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची, पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड. पुढे अलेक्झांड्रा डॉक (१९१४, आताचा इंदिरा डॉक) खणताना निघालेली माती भरावाला वापरून २२ एकर जमीन केली, तीच बॅलार्ड इस्टेट! बर्फाची गोष्ट त्याहून जुनी. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडरने अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ जहाजाने चक्क कलकत्त्याला पोचवला. मग तो मुंबईतही यायला लागला. पुढे यंत्रं आली आणि तो धंदा बसला. युक्ती साधी होती. शून्याखाली थंड केलेल्या मिठाच्या पाण्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवायचे. मिठाचं पाणी गोठत नाही, डब्यातलं गोठतं.

कारखाना बंद पडला की सहसा टॉवर उभा राहतो. इथे जुन्या भिंती ठेवल्या, अंगणातला वडही ठेवला. वडांवरूनच नाव पडलं म्हणतात अशा वडाळ्याचा मी, मला बरं वाटलं. आमच्या भाषेत सांगायचं तर चालू असलेला लीगसी कोड न फेकता नव्या कामाला लावला.

घरी येऊन आजोबांना फोटो दाखवले. ते कॉटन ग्रीनच्या गोदामांत माथाडी होते. १९२० च्या दशकात कुलाब्याचा कापूसबाजार इकडे आला, स्टेशनला नाव तेच राहिलं. १९६९ चा माथाडी कायदा आला तेव्हा आजोबा पाठीवर गाठी वाहत होते. फोटो बघून म्हणाले, "छान आहे रे. पण तिथे बर्फ उचलणारे होते, ते कुठे गेले?"

मला उत्तर देता आलं नाही. भिंती, वड सगळं दिसलं, पण मजुरांबद्दल विचारायचं मलाच सुचलं नव्हतं.

पोर्टच्या जमिनीच्या विकासाची चर्चा सारखी चालू असते. उद्या कॉटन ग्रीनच्या गोदामांतही ऑफिसं येतील, कदाचित आमचंच. यायला हरकत नाही, पाडण्यापेक्षा केव्हाही बरं. फक्त काम सुरू व्हायच्या आधी कोणीतरी आजोबांसारख्यांकडून तिथलं काम कसं चालायचं ते लिहून घ्यावं. डॉक्युमेंटेशन नसलेला कोड नंतर कोणालाच कळत नाही.

असो. पुढच्या रविवारी आजोबांसमोर वही घेऊन बसतोय.