ऊस तोडायचा कुणी?

1 जानेवारी 1804 रोजी गोनाईव्ह या गावी जनरल जाँ-जाक देसालिनने हैतीच्या स्वातंत्र्याची घोषणा केली, तेव्हा देशातले कितीतरी ऊसमळे जळून गेलेले होते. ते जाळणारे हात त्याच मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे होते. ऑगस्ट 1791 मध्ये उत्तरेच्या मैदानात पेटलेलं बंड बारा वर्षं चाललं. बंड मोडायला आलेल्या नेपोलियनच्या फ्रेंच फौजेतले हजारो सैनिक पिवळ्या तापाने मेले आणि उरलेल्यांना नोव्हेंबर 1803 मध्ये व्हेर्तिएरच्या लढाईने गुडघे टेकायला लावले. गुलामांनी बंड करून स्वतःचं राज्य उभारल्याचं इतिहासातलं हे एकमेव उदाहरण.

राज्य तर आलं. पण ऊस आता तोडायचा कुणी?

सँ-दोमँग या नावाने ओळखली जाणारी ही फ्रेंच वसाहत युरोपला लागणाऱ्या साखरेपैकी सुमारे 40 टक्के साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी पुरवत असे. त्यासाठी जवळपास पाच लाख गुलाम राबत होते. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर रस उतरतो, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. शेकडो माणसांची टोळी, घाणा, रसाच्या कढया आणि हंगामात रात्रंदिवस न थांबणारं काम, हे सगळं तिथे चाबकाच्या जोरावर चालत असे. मोकळ्या झालेल्या माणसाला तेच आयुष्य मजुरी घेऊनही नको होतं. त्याला हवा होता डोंगरउतारावरचा स्वतःचा तुकडा: केळी, रताळी, शेंगा आणि विकायला थोडी कॉफी.

नेत्यांचं गणित वेगळं होतं. बंडाचा नेता तूसाँ लुवेर्तुरने 1800 मध्येच फर्मान काढून मजुरांना पुन्हा मळ्यांशी बांधलं. उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्यांना, पण मळा सोडून जायचं नाही. पुढच्याच वर्षी उत्तरेतल्या मजुरांनी उठाव केला, तेव्हा त्यांच्या बाजूचा मानल्या गेलेल्या जनरल मोईझला, स्वतःच्या मानलेल्या पुतण्याला, तूसाँने गोळ्या घालायला लावल्या. याला विश्वासघात म्हणणं सोपं आहे. पण फ्रान्स परत येणार ही भीती खरी होती आणि बंदुका व दारूगोळा साखर-कॉफी विकूनच मिळत होता. देसालिनने डोंगरांवर किल्ले बांधायला घेतले आणि मळ्यांची सक्ती चालूच ठेवली.

1804 च्या सुरुवातीला त्याने मागे राहिलेल्या बहुतेक फ्रेंचांची कत्तल करवली. हा रक्तपात गुलामगिरीवर जगणाऱ्या देशांच्या पथ्यावर पडला. अमेरिकेने 1806 मध्ये हैतीशी व्यापार बंद केला आणि मान्यता द्यायला 1862 साल उजाडलं. तिकडे देसालिनने जमिनींचे कागद तपासायला सुरुवात केल्यावर गोऱ्या बापांच्या मळ्यांवर हक्क सांगणारे संकरवंशीय जमीनदार बिथरले. त्याच्यावर नाराज असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी ऑक्टोबर 1806 मध्ये त्याला ठार मारलं आणि देश दुभंगला.

उत्तरेत आंरी क्रिस्तोफने स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि प्रचंड सितादेल किल्ला बांधवला. दक्षिणेत अलेक्सांद्र पेतियाँचं प्रजासत्ताक उभं राहिलं. पेतियाँने 1809 पासून सैनिकांना जमिनी वाटल्या. तिथे साखर जवळजवळ संपली, पण लहान शेतकरी उभा राहिला. दोघांत लोकांना काय हवं होतं हे पेतियाँला अधिक कळलं होतं, असंच म्हणावं लागतं. गुलामांना मुक्त करण्याच्या अटीवर त्याने स्पेनविरुद्ध लढणाऱ्या सिमोन बोलिव्हारला शस्त्रं आणि माणसंही दिली. तरी बोलिव्हारनेच बोलावलेल्या 1826 च्या पनामा परिषदेचं निमंत्रण हैतीला गेलं नाही.

सगळ्यात मोठा घाव त्याआधीच्या वर्षी बसला होता. जुलै 1825 मध्ये फ्रान्सचा राजा दहाव्या चार्ल्सचं फर्मान घेऊन बॅरन द माको पोर्ट-औ-प्रिन्सला आला. पाठोपाठ युद्धनौका आल्या, एकूण चौदा. मान्यता हवी असेल तर 15 कोटी फ्रँक भरपाई द्या आणि फ्रेंच मालावरची जकात निम्मी करा, अशी मागणी होती. भरपाईची तयारी 1814 मध्ये पेतियाँनेच दाखवली होती. पण एवढी रक्कम त्याच्या स्वप्नातही नसेल. मिसिसिपीपलीकडचा लुईझियानाचा अवाढव्य प्रदेश फ्रान्सने 1803 मध्ये सुमारे 8 कोटी फ्रँकला विकला होता. जमीनदारांचं नुकसान मोजताना गुलामांचीही किंमत धरली गेली. म्हणजे लढून सुटलेल्यांनी स्वतःचीच किंमत चुकवायची होती.

एव्हाना पुन्हा एक झालेल्या देशाचा अध्यक्ष जाँ-पिएर बोयेरने मान तुकवली. 3 कोटींचा पहिला हप्ता भरण्यासाठी पॅरिसमध्येच कर्ज काढलं. सावकारांनी सुरुवातीलाच 60 लाख कापून घेतले, तेवढी तूट तिजोरीतून भरावी लागली. पुढच्याच वर्षी बोयेरने ग्रामीण कायदा आणला: शेतमजुराने परवानगीशिवाय मळा सोडायचा नाही, शहरात जायचं नाही. लोकांनी तो फारसा मानला नाही. ते डोंगरात सरकले आणि एका अंगणाभोवती नात्यागोत्याची घरं बांधून राहू लागले. अशा वस्तीला तिथे ‘लाकू’ म्हणतात. 1838 मध्ये फ्रान्सने एकूण रक्कम 9 कोटींवर आणली, तरी कर्जाचा फास सुटला नाही. परतफेडीचा मोठा भाग कॉफीवरच्या निर्यात करातून जाई आणि ती कॉफी पिकवणारा होता उसाचा मळा सोडून डोंगरात गेलेला तोच शेतकरी. 1843 च्या उठावात बोयेरला जमैकाला पळून जावं लागलं. देणं मात्र पुढच्या सरकारांच्या माथी आलं, आणि ते फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांची साखळी 1947 पर्यंत चालली.