ठाण्याची वाट : मन, मेंदू आणि पदव्युत्तर वैद्यकाचा इतिहास

मराठीत काही गावांची नावे भूगोल सोडून वाक्प्रचारात गेलेली आहेत. 'याला आता ठाण्याला पाठवायला हवे' किंवा 'येरवड्याला जागा राखून ठेवा' ही वाक्ये थट्टेत उच्चारली जातात, आणि ऐकणाऱ्याला कोणतेही स्पष्टीकरण लागत नाही. गावाचे नाव हेच निदान. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, येरवड्याचे १९१५ चे; ठाण्याचे विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचे. एवढ्या अवधीत या संस्थांनी मराठी भाषेला एक अख्खा शब्दसंग्रह दिला. त्यांनी विद्या किती दिली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

बोईसरजवळच्या बेटेगावसारख्या ठिकाणाहून हा प्रश्न विचारला, की त्याला वेगळी धार येते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातच मोडत होता. म्हणजे येथल्या माणसाला 'ठाण्याला जाणे' याचे दोन अर्थ उपलब्ध होते : एक जमिनीच्या, कज्ज्याच्या कामासाठी, दुसरा घरातले माणूस 'हाताबाहेर गेले' म्हणून. बोईसरहून ठाण्याला थेट लोकल नाही. दादरपर्यंत खाली उतरून पुन्हा मध्य रेल्वेने वर यावे लागते. ही वाट केवळ लांबची नव्हती. त्या वाटेच्या शेवटी जो वैद्य बसलेला असे, तो काय शिकून आला होता, यावर रुग्णाचे पुढचे आयुष्य ठरत असे. म्हणून या विषयाचा इतिहास हा इमारतींचा इतिहास नसून अभ्यासक्रमाचा इतिहास आहे.

वसाहतकाळातील वेड्यांचे इस्पितळ हे मुळात शिकवण्याचे ठिकाण नव्हतेच. १८५८ आणि १९१२ या दोन्ही कायद्यांचा भर वेडसर माणसाला समाजापासून आणि समाजाला त्याच्यापासून वेगळे ठेवण्यावर होता. दाखल करण्याचा हुकूम न्यायाधीश देई. जेथे प्रवेश न्यायालयातून होतो, तेथे विद्यार्थी कशाला फिरकेल? बदल घडला तो इस्पितळाच्या भिंतीबाहेर. १९३३ साली कलकत्त्यात गिरीन्द्रशेखर बोस यांनी सर्वसाधारण रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मुंबईत १९३८ साली के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात तसाच विभाग उघडला. घटना लहान दिसते, पण तिचा परिणाम दूरगामी होता. ताप, क्षय, हृदयविकार यांच्या शेजारच्या खोलीत मनोविकार येऊन बसला आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तो प्रथमच रोजच्या वाटेवर भेटू लागला.

त्या विद्यार्थ्याने मनाचा अभ्यास करायचा की मेंदूचा, हा वाद तोपर्यंत युरोपात जवळजवळ शतकभर चालू होता. विल्हेल्म ग्रीझिंगर यांनी १८४५ च्या आपल्या ग्रंथात मनोविकार हे मेंदूचे विकार होत, अशी भूमिका मांडली होती. मनोविश्लेषणाचा जनक म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्याला परिचित असलेले फ्रॉइड हे मूळचे मज्जासंस्थेचे अभ्यासक. १८९१ सालचे त्यांचे पुस्तक वाचाघातावर आहे. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी एका स्मृतिभ्रष्ट स्त्रीच्या मेंदूतील बदल सभेपुढे ठेवले. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ होते, सूक्ष्मदर्शक मात्र मेंदूवर रोखलेला होता.

या वादातील सर्वांत बोलके उदाहरण उपदंशजन्य वेडाचे आहे. भव्यतेचे भ्रम, मग बुद्धीचा ऱ्हास, मग पक्षाघात अशा क्रमाने जाणाऱ्या या रोगाने एकोणिसाव्या शतकात युरोपातील वेड्यांची इस्पितळे भरून टाकली होती. १९१३ साली नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू सापडले. १९१७ पासून वाग्नर-याउरेग यांनी हिवतापाचा ज्वर मुद्दाम आणून त्यावर उपचार केला. त्यासाठी त्यांना १९२७ चे नोबेल मिळाले. पुढे पेनिसिलिन आले आणि तो रोगी वेड्यांच्या इस्पितळातून दिसेनासा झाला. यात एक विरोधाभास दडलेला आहे. वेडाचे शारीरिक कारण सापडले, की ते वेड मनोविकारशास्त्राच्या हातून निसटते आणि दुसऱ्या खात्यात जमा होते. मनोविकारतज्ज्ञाकडे उरते ते अद्याप न उलगडलेले. एखाद्या शास्त्राची हद्द त्याच्या अज्ञानाने ठरावी, ही परिस्थिती विचित्र खरी.

भारतात या फाळणीला संस्थात्मक रूप स्वातंत्र्याच्या आगेमागे मिळाले. १९४६ च्या भोर समितीने मानसिक आरोग्याच्या शिक्षणाची गरज मांडली. १९४७ साली इंडियन सायकियाट्रिक सोसायटी स्थापन झाली; १९५१ साली न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया. दोन संस्था, दोन अधिवेशने, दोन नियतकालिके. १९५४ साली बंगळुरात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि मानसोपचारातील पदविकेचे शिक्षण देशातच मिळू लागले. १९७४ मध्ये तिचेच निम्हान्समध्ये रूपांतर झाले, आणि मन व मज्जासंस्था हे दोन्ही शब्द निदान एका फलकावर तरी एकत्र आले. इतरत्र मात्र वाटा वेगळ्याच राहिल्या. मानसोपचारात एम. डी. करणारा विद्यार्थी तीन वर्षांतले थोडेच आठवडे मज्जाविकार विभागात काढतो. मज्जाविकारातील डी. एम. चा नेहमीचा मार्ग मेडिसिन वा बालरोग या विषयांतून जातो, मानसोपचारातून नाही. ज्याला दोन्ही हवे, त्याला अभ्यासक्रमात घर नाही.

तरीही मुंबईच्या रुग्णालयांत या दोन विद्यांची गाठ पडतच राहिली, आणि ती दोन वनस्पतींनी घालून दिली हे लक्षणीय आहे. पहिली सर्पगंधा. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब या दोहोंवरचे औषध म्हणून तिचा निर्देश केला होता. १९४९ मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिच्या उपयोगाची चिकित्सा ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केली आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. तिच्यातून वेगळे काढलेले रेसरपिन हे पुढे स्किझोफ्रेनियावरच्या आरंभीच्या औषधांपैकी एक ठरले. त्याच रेसरपिनने सशांना निश्चल करून आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवले, की एल-डोपा दिल्यावर त्यांची हालचाल परत येते. डोपामीनच्या या संशोधनासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळाले. एकाच मुळीने भ्रम शमवले, अंगी कंपवाताची लक्षणे आणली आणि दोन्हींमागची रासायनिक साखळी उघड केली. मन आणि मेंदू यांच्या सीमेवर याहून स्पष्ट साक्ष कोणती?

दुसरी वनस्पती खाजकुयली. पालघर-जव्हारकडच्या रानात वाढलेल्या माणसाला तिची ओळख करून देण्याची गरज नाही. ती अंगाला आपोआप ओळख देते. तिच्या बियांत एल-डोपा असते. १९७८ साली अशोक वैद्य, नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांवर तिचा उपयोग तपासून न्यूरॉलॉजी इंडियामध्ये मांडला. मानसोपचाराच्या बाजूने के. ई. एम. मध्येच एन. एस. वाहिया यांनी पातंजल योगातील संकल्पनांचा उपचारात वापर करून पाहिला. विनेकर आणि डोंगाजी यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९६६ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीत आला. परंपरेतील ज्ञानाला रुग्णशय्येपाशी तपासून घेण्याची ही शिस्त मुंबईच्या पदव्युत्तर शिक्षणाची खरी कमाई म्हणता येईल.

१९७८ हेच वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे. लंडनच्या विल्यम आल्विन लिशमन यांचा 'ऑर्गॅनिक सायकियाट्री' हा ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि चिकित्सक न्यूरोसायकियाट्रीला पाठ्यग्रंथ मिळाला. अपस्मार, डोक्याची इजा, स्मृतिभ्रंश, विषबाधा, ग्रंथींचे विकार यांतून उद्भवणारी मनाची रूपे हा तिचा विषय. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ यांनी वर्णिलेल्या मेंदूज्वराने तिची आवश्यकता पुन्हा सिद्ध केली. शरीरातील प्रतिपिंडे मेंदूतील ग्राहकांवर हल्ला करतात. बहुधा एखादी तरुणी अचानक बडबडू लागते, भास होतात, शरीर ताठरते. वेळीच ओळखले तर ती बरी होऊ शकते. न ओळखले तर घरचे तिला भगताकडे नेतील, आणि केवळ मनाचाच विचार करणारा डॉक्टर ठाण्याची चिठ्ठी देईल. दोघांचीही चूक एकाच जातीची ठरेल.

येथे साहित्याच्या अभ्यासकाचा संबंध सुरू होतो. या शाखेची पहिली तपासणी यंत्राने नव्हे, भाषेने होते. १९७५ साली फोलस्टीन दांपत्य व मॅकह्यू यांनी रचलेली मानसिक स्थितीची छोटी चाचणी जगभर वापरली जाते. तीत वाक्य लिहायला, वाचायला आणि एक अवघड शब्दसमूह उच्चारायला सांगतात. जो कधी शाळेतच गेला नाही, तो या चाचणीत स्मृतिभ्रष्ट ठरण्याचा धोका असतो. म्हणून हरियाणातील बल्लभगड येथे तिचे हिंदी रूप करताना १९९० च्या दशकात संशोधकांना प्रश्नच नव्याने घडवावे लागले. हे भाषांतर नव्हते, अनुसर्जन होते. आणि त्यावर निदान अवलंबून होते. आता बेटेगावचा विचार करावा. एका बाजूला वारली पाडे, दुसऱ्या बाजूला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि तेथे देशाच्या अनेक प्रांतांतून आलेले कामगार. वारली, भोजपुरी, उडिया बोलणाऱ्या रुग्णाला तारीख, वार, गाव विचारायचे, तर कोणत्या भाषेत? रामाझ्झिनी यांनी १७०० साली वैद्यांना सांगितले होते, की रुग्णाला त्याचा व्यवसायही विचारा. रसायनांच्या वाफांत काम करणाऱ्याची चिडचीड, विस्मरण, भास यांचा अर्थ त्या एका प्रश्नावाचून लागत नाही.

मराठीत या प्रश्नाला कलारूपही मिळाले आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' (२०१३) या चित्रपटात स्मृती हरवत चाललेल्या संस्कृत पंडिताची भूमिका करणारे मोहन आगाशे हे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार शिकवलेले प्राध्यापक. तेथे पंडिताची विद्या विरत जाते, आणि माणूस मात्र उरतो. मेंदूचा विकार आणि मनाचे अस्तित्व या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे पाठ्यग्रंथाइतकेच स्पष्टपणे तो चित्रपट सांगतो.

तात्पर्य, मन की मेंदू हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा असला, तरी त्याचे उत्तर अभ्यासक्रम ठरवतो, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. महानगरात दोन तज्ज्ञ दोन मजल्यांवर बसले, तर रुग्णाला जिना चढावा लागतो. आठ तालुक्यांच्या पालघर जिल्ह्यात तेच अंतर एका दिवसाच्या मजुरीएवढे होते. ज्या डॉक्टरला तेथे एकट्याने बसायचे आहे, त्याला अपस्मार आणि उन्माद, विषबाधा आणि विषाद, भगताची भाषा आणि प्रतिपिंडांची भाषा या सगळ्यांची तोंडओळख नव्हे, तर खरी ओळख हवी. दोन्ही विद्या एकत्र शिकवणारे पदव्युत्तर शिक्षण ही म्हणूनच मोठ्या शहरांची चैन नाही. तिची सर्वांत जास्त गरज ठाण्याच्या वाटेवरच्या शेवटच्या गावाला आहे.