सिंदखेडचा वाडा आणि वर्षाखेर

इंग्लंडांत नाताळाच्या सुमारास जुन्या उमरावांचे प्रासाद पाहावयास जाण्याची मोठी हौस आहे. डर्बीशायरमधील चॅट्सवर्थसारखीं घरें त्या दिवसांत दिव्यांनीं व हिरव्या डहाळ्यांनीं शृंगारलेलीं असतात; पाहुणे एका दालनांतून दुसऱ्या दालनांत हिंडतात, आणि जुनें वर्ष सरून नवें केव्हां लागलें हें त्यांस कळतही नाहीं. आपल्याकडे सुटी तीच, पहांटेची थंडीही बरी. घरें मात्र निराळीं. आपल्या सरदारांच्या बहुतेक वाड्यांत दालनें उरलीं नाहींत. उरले ते दरवाजे, जोतीं आणि आठवणी.

अजिंठ्याच्या डोंगराजवळील धावड्याहून निघून भोकरदन मागें टाकावें, पूर्णा ओलांडावी आणि देऊळगांव राजावरून पुढें जावें, म्हणजे सिंदखेड राजा लागतें. वाटेंत या दिवसांत हरभरा फुलावर व तूर शेंगांवर आलेली असते. धावडें जालना जिल्ह्यांत, तर सिंदखेड बुलढाणा जिल्ह्यांत. परंतु जाधवरावांच्या इतिहासानें ही सीमा कधींच ओळखिली नव्हती. लखुजी जाधवरावांचा वाडा तो हा. त्याचा दर्शनी भव्य दरवाजा अजून उभा आहे. आंत पाऊल टाकिलें म्हणजे मात्र भिंतींपेक्षां आकाशच अधिक दिसतें. 12 जानेवारी 1598 रोजीं येथें जिजाबाईंचा जन्म झाला असें मानितात, आणि दर वर्षीं त्या दिवशीं येथें मोठा जनसमुदाय लोटतो.

उत्सवाच्या दिवशीं या घराचा एकच क्षण आपणांस दिसतो. गर्दी होण्यापूर्वीं, वर्षाखेरीस, येथें घटकाभर बसावें, म्हणजे उरलेली कहाणीही आठवूं लागते. आणि ती सुखाची नाहीं. 1624 च्या भातवडीच्या लढाईंत लखुजी मोगलांकडे होते, व जांवई शहाजीराजे निजामशाहीकडे. पुढें 25 जुलै 1629 रोजीं देवगिरीच्या किल्ल्यांत मुर्तजा निजामशहाच्या दरबारीं लखुजी गेले असतां, अचलोजी व राघोजी हे पुत्र आणि यशवंतराव हा नातू यांच्यासह त्यांची हत्या झाली. तेव्हांपासून सात महिने पुरे होण्याच्या आंत, 19 फेब्रुवारी 1630 रोजीं, शिवनेरीवर शिवाजीमहाराज जन्मास आले. म्हणजे माहेरचें घर एका दिवसांत उजाड झाल्याची वार्ता आली, तेव्हां जिजाबाई गरोदर होत्या. स्वराज्याची कल्पना त्यांनीं पुत्राच्या मनांत कशी रुजविली, हें आपण कौतुकानें सांगतों. परक्या धन्याच्या चाकरीचें मोल त्यांनीं कोणत्या हिशेबानें जाणलें होतें, हें मात्र क्वचितच सांगतों.

याच घराण्याची दुसरी कहाणी तर ऐन डिसेंबरांतील आहे. 1757 सालीं लखुजींच्याच कुळांतील रामचंद्र जाधवराव निजामाच्या पदरीं होते. नानासाहेब पेशव्यांचे पुत्र विश्वासराव, वय अवघें 15, व दत्ताजी शिंदे यांनीं त्यांस सिंदखेडास कोंडिलें. निजामअली त्यांच्या मदतीस धांवून आला. महिन्याच्या मध्यास येथें लढाई होऊन निजामअलीस माघार घ्यावी लागली, आणि 29 डिसेंबरास साखरखेर्डें येथें तह ठरला. 25 लक्षांचा मुलूख व नळदुर्गचा किल्ला मराठ्यांस मिळाला. ज्या घरानें शिवछत्रपतींस माता दिली, त्याच घराच्या वंशजाला छत्रपतींच्या राज्याच्या फौजेनें वेढावें, हा केवढा दैवदुर्विलास!

परंतु कोणास दोष द्यावा? चाकरी, वतन आणि कुळाचा अभिमान यांच्या ओढाताणींत त्या काळचीं अनेक घराणीं अशींच दुभंगलीं. जिंकणारांच्या वांट्यासही सुख फार दिवस आलें नाहीं. त्या वीरांचें वर्ष चैत्रांत लागे. 1 जानेवारीस त्यांच्या लेखीं कांहींच महत्त्व नव्हतें. तरीही दोघांचाही काळ याच महिन्यांत दबा धरून बसला होता. दत्ताजी 10 जानेवारी 1760 रोजीं यमुनेच्या कांठीं बुराडी घाटावर पडले. विश्वासराव 14 जानेवारी 1761 रोजीं पानिपतावर.

सुटींत मुलांस घेऊन हा वाडा अवश्य पाहावा. दरवाजाची उंची त्यांस दाखवावी, जिजाऊंची थोरवी सांगावी. परंतु तेवढ्यावरच थांबूं नये. याच उंबऱ्यावरून बाहेर पडलेलीं माणसें एकमेकांविरुद्ध उभीं राहिलीं, आणि तरीही याच उंबऱ्याच्या आंत महाराष्ट्राचें भाग्य वाढलें, हेंही त्यांस कळूं द्यावें. अर्धा इतिहास अभिमान शिकवितो. पुरा इतिहास त्या अभिमानास शहाणपण देतो. नव्या वर्षांत पाऊल टाकितांना एवढें पाथेय पुरेसें आहे.